उपग्रहावरचं उपकरण कमी धक्क्यात कसं सोडवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुमारे ४० किलोचं एक प्रकाशीय उपकरण प्रक्षेपणाच्या वेळी चार बोल्टांवर घट्ट धरून ठेवायचं आहे आणि कक्षेत पोचल्यावर सोडवून बिजागरीवर बाहेर फिरवायचं आहे. सध्याच्या आराखड्यात चारही ठिकाणी पायरो सेपरेशन नट, म्हणजे छोट्या स्फोटकाने उघडणारे नट, आहेत आणि ते चारही एकाच क्षणी सोडायचे आहेत. उपकरणातल्या आरशाचे चिकटवलेले जोड आणि शेजारच्या पेटीतला क्रिस्टल ऑसिलेटर (ठरावीक वारंवारतेचे ठोके देणारा स्फटिक) त्यांचा शॉक, म्हणजे क्षणिक पण तीव्र धक्का, सोसणार नाहीत अशी भीती आहे. मग पायरो काढून त्याजागी काय लावावं, आणि ‘लो-शॉक’ असा शिक्का असलेलं काही आणलं की काम झालं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. शिक्क्यावर विसंबू नका. दोन आकडे हाती येईपर्यंत कुठलंही उपकरण निवडू नका. बोल्टात साठलेली ऊर्जा किती, आणि सुटताना ताण पूर्ण उतरायला किती वेळ लागतो, हे ते दोन आकडे.

सुटण्याच्या क्षणी जो शॉक बसतो तो तीन ठिकाणांहून येतो. पहिला स्फोटकाचा. दुसरा आतल्या हलत्या भागांचा: पिस्टन टोकाला आदळतो, सुटलेला बोल्ट मागे उडून त्याला झेलणाऱ्या कॅचरवर आपटतो. तिसरा प्रीलोडचा (बोल्ट आवळताना त्यात भरून ठेवलेल्या ताणाचा), म्हणजे ताणलेला बोल्ट आणि दाबलेली रचना एकदम मोकळी होण्याचा. पायरो काढला की पहिला जातो. दुसरा आणि तिसरा जागेवरच राहतात, आणि जास्त प्रीलोडच्या जोडांत तिसराच बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा असतो. रस्सीखेच रंगात आली असताना दोरी सुरीने कापली काय किंवा कुऱ्हाडीने, दोन्हीकडचे गडी सारखेच पडतात. दोरी हळूहळू सैल सोडली तरच ते उभे राहतात.

आता आकडे. समजा टायटॅनियमचा एम-६ बोल्ट आहे, पकडीची लांबी ५० मिलिमीटर, प्रीलोड १० किलोन्यूटन. ताण घेणारं क्षेत्रफळ साधारण २० चौरस मिलिमीटर, त्यामुळे प्रतिबल ५०० मेगापास्कलच्या आसपास, आणि बोल्ट जेमतेम ०.२३ मिलिमीटर लांबतो. साठलेली ऊर्जा बल गुणिले लांबीवाढ भागिले दोन, म्हणजे सुमारे १.१ ज्यूल. आकडा क्षुल्लक वाटतो. पण धातूतली ताणलहर सेकंदाला सुमारे ५ किलोमीटरने धावते, म्हणजे हा बोल्ट ती १० मायक्रोसेकंदांत पार करते. ताण एवढ्याच वेळात उतरला तर ही सगळी ऊर्जा अनेक किलोहर्ट्झपर्यंत पसरते, आणि रिले, क्रिस्टल, सिरॅमिक कपॅसिटर, ठिसूळ सोल्डर हे सगळे तिथेच नाजूक असतात.

वेळेचा हिशेबही सोपा आहे. ताण जितक्या वेळात उतरतो त्याला पायने गुणून एक भागिले केलं की एक वारंवारता मिळते, आणि तिच्या वर शॉकचा जोर झपाट्याने घटतो. ५० मायक्रोसेकंदांना ही मर्यादा ६ किलोहर्ट्झच्या थोडी वर येते, १ मिलिसेकंदाला ३२० हर्ट्झच्या आसपास, आणि २० मिलिसेकंदांना फक्त १६ हर्ट्झ. म्हणजे सुटण्याचा वेळ काही मिलिसेकंदांवर नेऊ शकलात तर निदान तिसऱ्या कारणाचा उच्च वारंवारतेतला भाग जवळजवळ नाहीसा होतो. कमी शॉकच्या सगळ्या चांगल्या रचना, आतून कितीही वेगळ्या असल्या तरी, शेवटी हेच साधतात.

इथे एक गफलत नेहमी होते. उपकरणाला चालायला लागणारा वेळ आणि ताण उतरायला लागणारा वेळ एकच धरले जातात. फ्रॅंजिबोल्ट हे याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण. त्यात निटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या स्मृतिधातूची, एक जाड नळी आधी दाबून ठेवलेली असते. तापवली की ती मूळ लांबीवर यायला बघते आणि खाच पाडलेला बोल्ट ओढून तोडते. १९९४ मध्ये क्लेमेंटाइन यानाची सौरपटलं अशाच रीतीने सोडवली गेली. रचना साधी, आत स्फोटक नाही, हाताळायला सुरक्षित, आणि नळी पुन्हा दाबून तीच परत वापरता येते. तापायला काही सेकंद लागतात, त्यामुळे ‘हे तर हळू चालतं’ असा समज होतो. बोल्ट तुटतो तो क्षण मात्र क्षणच असतो. त्यातही, प्रीलोड आणि उड्डाणातले भार यांच्या वर मार्जिन ठेवूनच खाचेची ताकद ठरवावी लागते, त्यामुळे तुटताना बोल्ट प्रीलोडपेक्षा बऱ्याच जास्त ताणावर असतो. दुप्पट ताणावर तुटला तर ऊर्जा चौपट. स्फोटकाचा शॉक गेला हे खरं, पण तुमच्या आरशाच्या जोडांपासून हातभर अंतरावर मी हे लावणार नाही.

तुमच्या कामासाठी माझी पसंती फ्यूज वायरवर चालणाऱ्या स्प्लिट स्पूलला आहे. मधोमध चिरलेली एक रीळ, तिच्याभोवती ताणून गुंडाळलेली बारीक पोलादी तार, आणि त्या तारेचं टोक एका फ्यूज वायरने धरलेलं. बोल्टाचा पूर्ण भार रिळेवर येतो, पण गुंडाळीतल्या घर्षणामुळे तारेच्या टोकाशी उरणारा ताण फारच थोडा असतो, म्हणून एवढीशी फ्यूज वायर तो पेलू शकते. काही अँपिअरचा प्रवाह दिला की ती वितळते, गुंडाळी उलगडते, रिळेचे दोन भाग बाजूला होतात आणि बोल्ट मोकळा होतो. आज्ञेपासून सुटकेपर्यंत काही दहा मिलिसेकंदच लागतात, आणि गुंडाळी उलगडत असल्यामुळे ताणही एका फटक्यात तुटत नाही. बहुतेक रचनांमध्ये फ्यूज वायर दोन असतात आणि कोणतीही एक वितळली तरी काम होतं. जेम्स वेब दुर्बिणीवर एकूण १७८ सुटका यंत्रणा होत्या, त्यातल्या १०७ एकट्या सौरढालीच्या पडद्यांसाठी. स्फोटकाशिवायच्या या जातीवर किती भिस्त ठेवली गेली ते यावरून दिसतं.

तरीही ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये ज्यूस यान गुरूकडे निघालं तेव्हा त्याच्या रडारचा १६ मीटर लांबीचा अँटेना अर्धवट उघडून अडकला. एक बारीकशी पिन बाहेर यायला तयार नव्हती. यान सूर्याकडे वळवून ती जागा तापवून पाहिली, इंजिन चालवून यान हलवून पाहिलं. शेवटी १२ मे रोजी अडकलेल्या त्याच ब्रॅकेटमधला एक स्फोटकाशिवायचा अ‍ॅक्चुएटर (आज्ञेवर हलणारी छोटी यंत्रणा) मुद्दाम चालवला, आणि त्याच्या धक्क्याने पिन काही मिलिमीटर सरकून अँटेना सुटला. ज्या यंत्रणेला आपण लो-शॉक म्हणतो तिचा शॉक जवळून इतका असतो. तिथे तो उपयोगी पडला, तुमच्या आरशाजवळ पडणार नाही. म्हणून उत्पादकाच्या माहितीपत्रकातला शॉकचा आकडा किती अंतरावर, कोणत्या फिक्श्चरवर (चाचणीच्या पकडीवर) आणि किती प्रीलोडवर मोजला आहे हे वाचल्याशिवाय तो गणितात घेऊ नका.

बाकीच्या जाती भराभर सांगतो. थर्मल नाइफमध्ये अरामिड दोरी ताणून धरलेली असते आणि तापलेली सिरॅमिक पट्टी तिचे तंतू हळूहळू जाळते. एकेक तंतू जाताना ताण क्रमाने उतरतो, त्यामुळे शॉक फारच कमी. सौरपटलांसाठी युरोपात हे बरंच वापरलं गेलं आहे. मात्र दोरीचा कडकपणा बोल्टासारखा नसतो, आणि तुमच्या ४० किलोच्या उपकरणाची पहिली नैसर्गिक वारंवारता वर ठेवायची असेल तर ती अडचण होते. पॅराफिनचा अ‍ॅक्चुएटर मेण वितळताना होणाऱ्या सुमारे १५ टक्के प्रसरणावर पिन ढकलतो. ताकद मोठी, चाल अगदी मऊ, आणि तोच नग पुन्हा पुन्हा चालवता येतो. पण त्याला मिनिटं लागतात, आणि थंडीत आणखी जास्त. झाकण उघडायला किंवा कुलूप काढायला उत्तम. वेगाने फिरणाऱ्या नटांचीही एक जात आहे: जास्त पिचच्या, म्हणजे एकमेकांपासून लांब असलेल्या, आट्यांमुळे बोल्टाचा ताणच नटाला, म्हणजे एका फ्लायव्हीलला, फिरवतो आणि साठलेली ऊर्जा धक्का होण्याऐवजी फिरण्यात जाते. अख्खा उपग्रह रॉकेटपासून सोडवणाऱ्या काही क्लॅम्प बँडांमध्येही (दोघांच्या कडा एकत्र आवळून धरणाऱ्या गोल पट्ट्यांमध्ये) हेच तत्त्व वापरलं आहे. तिथे त्याची गरज का पडते ते बघा. १,१९४ मिलिमीटर व्यासाच्या पट्ट्याचा घेर पावणेचार मीटर. पट्टा पोलादी, छेद १०० चौरस मिलिमीटर आणि ताण ३० किलोन्यूटन धरला तर साठलेली ऊर्जा ८० ज्यूलच्या वर जाते, म्हणजे तुमच्या एका बोल्टाच्या सत्तरपटीहून अधिक.

बर्न वायरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण छोट्या उपग्रहांवर ती सर्रास वापरतात आणि तिच्या चाचणीत एकच चूक वारंवार दिसते. निक्रोमची तार तापवून कृत्रिम धाग्याची दोरी वितळवायची, एवढीच कल्पना. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१२ मध्ये मांडलेल्या रचनेत तार स्प्रिंगने व्हेक्ट्रानच्या दोरीवर दाबलेली राहते, त्यामुळे दोरी वितळत जाते तशी तार तिच्यात उतरत जाते. हा स्प्रिंगचा दाब महत्त्वाचा. तार नुसती दोरीभोवती गुंडाळली तर दोरी थोडी वितळून तारेपासून सुटते आणि मग जळतच नाही. आणि ती चूक अशी की प्रवाह हवेत ठरवला जातो. हवेत तारेची बरीच उष्णता हवा घेऊन जाते. निर्वातात तेवढ्याच प्रवाहाने ती कितीतरी जास्त तापते आणि दोरी कापली जाण्याआधीच तुटू शकते. प्रवाह निर्वातातच ठरवा आणि ठरावीक प्रवाह देणारा स्रोत वापरा. दोरीचीही निवड बघून करा: डायनीमा लवकर वितळते, पण सतत ताणाखाली ती हळूहळू लांबत राहते, आणि उपग्रह प्रक्षेपणाची वाट बघत महिनोन् महिने पडून राहिला तर ताण कमी होतो. व्हेक्ट्रानमध्ये हा दोष नगण्य आहे.

पायरोवर अन्याय होऊ नये म्हणून एवढं सांगायलाच हवं: थोड्या वजनात, थोड्या विजेत, मिलिसेकंदांत आणि प्रचंड बलाने काम करणारं दुसरं काही नाही. २०१२ मध्ये क्युरिऑसिटी ही बग्गी मंगळावर उतरली तेव्हा ७६ पायरो ठरल्या क्षणी चालावे लागले. टप्पे वेगळे करणं, पॅराशूट सोडणं या कामांना मेणाचा अ‍ॅक्चुएटर चालणार नाही. तुमच्या कामात घाई नाही, शेजारी नाजूक गोष्टी आहेत, म्हणून तिथे पायरो नको, इतकंच. शिवाय पायरोचा प्रत्यक्ष उडणारा नग आधी चालवून बघता येत नाही, त्याच लॉटमधले भाऊबंद चालवून भरवसा ठेवावा लागतो. परत जुळवता येणाऱ्या यंत्रणेत तोच नग उड्डाणाआधी चालवलेला असतो. माझ्या लेखी हा फायदा शॉक कमी होण्याइतकाच मोलाचा आहे.

आता यंत्रणेच्या बाहेरचं, म्हणजे जोडाचं. बहुतेक अपयशं इथे होतात, अ‍ॅक्चुएटरमध्ये नाही. प्रीलोड गरजेपेक्षा जास्त ठेवू नका. ऊर्जा प्रीलोडच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १० किलोन्यूटनचे ७ केले तर ऊर्जा निम्मी होते. पण कंपनात जोड उघडता कामा नये, नाहीतर पृष्ठभाग एकमेकांवर ठोकत राहतात आणि सुटताना बसायचा तो धक्का प्रक्षेपणभर बसतो. म्हणून नेमका प्रीलोड लागतो, आणि तो टॉर्क पान्याने मिळत नाही. पान्याने लावलेल्या प्रीलोडमध्ये घर्षणामुळे २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होतं. त्याऐवजी स्ट्रेन गेज (लांबीवाढ मोजणारी पट्टी) लावलेला बोल्ट किंवा लोड वॉशर (बल मोजणारा वॉशर) वापरा, लावल्यावर एक दिवसाने आणि कंपन चाचणीनंतर पुन्हा वाचन घ्या. मापन चांगलं असेल तर तेवढं मार्जिन कमी धरता येतं, आणि शॉक आपोआप घटतो. यंत्रणा बदलण्यापेक्षा हा उपाय किती तरी स्वस्त आहे.

चारही ठिकाणी आडवा भार कप-कोनने, म्हणजे खोलगट कपात बसणाऱ्या शंकूने, घ्या, बोल्टावर आडवा भार येऊ देऊ नका. शंकूचा उतार फार उभा ठेवला तर तो कपात रुतून बसतो: घर्षणांक ०.३ धरला तर अर्धकोन १७ अंशांच्या खाली गेला की स्वतःहून सुटणार नाही. निर्वातात लेप घासला गेलेल्या धातूंचा घर्षणांक याच्याही वर जातो, आणि दोन स्वच्छ पृष्ठभाग अक्षरशः चिकटू शकतात. एप्रिल १९९१ मध्ये गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना पूर्ण उघडला नाही. त्याच्या काही फासळ्यांच्या पिना अडकल्या होत्या, आणि रस्त्याने झालेल्या वाहतुकीत व प्रक्षेपणाची वाट पाहण्याच्या लांबलेल्या काळात त्यांवरचं कोरडं वंगण झिजलं असावं हा निष्कर्ष निघाला. म्हणून शंकूचा अर्धकोन प्रशस्त ठेवा, दोन बाजूंचे पदार्थ किंवा लेप वेगवेगळे ठेवा, आणि सुटल्यावर ढकलणाऱ्या स्प्रिंगचं बल कंजूषपणे ठरवू नका. युरोपीय मानकाची पद्धत मला पटते: मोजलेलं नसेल तर घर्षण तिप्पट धरायचं, आणि त्यावर पुन्हा दुप्पट बल हाती असायला हवं.

चारही बोल्ट एकाच क्षणी सोडायची तुमची योजना दिसते. तुमचं उपकरण बिजागरीवर आहे, उडून जाणार नाही, मग ही सक्ती कशाला? एकामागून एक सोडा. शॉक एकमेकांवर चढत नाहीत, बॅटरीवरचा भारही विभागला जातो. मात्र एक काळजी घ्या. जुळणीत बसलेला पीळ आणि तापमानफरकाने आलेला ताण, हे सगळं शेवटच्या बोल्टाकडे जमा होतं. तो वाकलेल्या अवस्थेत सुटायला बघतो आणि भोकात अडकू शकतो. म्हणून जुळणीच्या वेळी शिम (पातळ चकत्या) लावून चारही बैठका एका पातळीत आणा, आणि सुटकेचा क्रम असा ठेवा की शेवटचा बोल्ट बिजागरीच्या जवळचा, सगळ्यांत कमी वाकणारा असेल.

सुटलेल्या बोल्टाचंही बघावं लागतं. तो मागे उडतो आणि कॅचरच्या बुडावर आपटतो. चांगला स्पूल घेऊन हा धक्का मात्र तसाच ठेवलेला मी बऱ्याच आराखड्यांत बघतो. कॅचरमध्ये चिरडला जाणारा अ‍ॅल्युमिनियम हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी जाळी) भरा, आणि कॅचर उपकरणाच्या बाजूला न ठेवता उपग्रहाच्या बाजूला ठेवा. दर जोडामागे आणि अंतरामागे शॉक घटतो, त्यामुळे ऑसिलेटरची पेटी दुसऱ्या पॅनलवर नेता आली तर तेही करून टाका.

विजेच्या बाजूला दोन गोष्टी. फ्यूज वायर वितळल्यावर तिची टोकं कधीकधी शॉर्ट होतात, म्हणून प्रवाहाला मर्यादा आणि ठरावीक वेळाने बंद करणारा टायमर हवाच. स्मृतिधातू किंवा मेण वापरलंत तर उलटी भीती असते: निटिनॉलचं रूपांतर शंभर अंश सेल्सिअसच्या अलीकडेच सुरू होतं, आणि उन्हात तापलेल्या पॅनलवर ते आज्ञेशिवायच चालू शकतं. उष्णतेच्या गणितातला सगळ्यांत गरम प्रसंग आधी तपासा.

चाचणी. शॉक रिस्पॉन्स स्पेक्ट्रम, म्हणजे एसआरएस (त्या धक्क्याने प्रत्येक नैसर्गिक वारंवारतेचा भाग किती त्वरणाने हलेल त्याचा आलेख), १०० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झपर्यंत काढा, प्रवर्धन गुणक १० धरून. पहिली चाळणी म्हणून जुना नियम अजून उपयोगी आहे: एसआरएसमधलं त्वरण, जी मध्ये (पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या पटीत), वारंवारतेच्या हर्ट्झमधल्या आकड्याच्या ०.८ पटीखाली असेल, म्हणजे १,००० हर्ट्झला ८०० जीच्या खाली, तर चांगल्या बांधणीच्या इलेक्ट्रॉनिक्सला सहसा धोका नसतो. चिकटवलेला आरसा या नियमात बसत नाही, त्याची सहनशक्ती वेगळी काढा. धन आणि ऋण एसआरएस एकमेकांपासून फार दूर गेले तर त्वरणमापकाचं शून्य सरकलं आहे असं समजा आणि तो विदा फेकून द्या. स्रोताच्या जवळ हे फार होतं. उपग्रहावरच्या स्वतःच्या यंत्रणेचा शॉक कृत्रिम रीतीने देण्यापेक्षा ती यंत्रणाच निदान दोनदा चालवा, कारण दर वेळी आकडा थोडा वेगळा येतो. आणि क्रम पाळा: आधी कंपन, मग निर्वातात गार व गरम तापमानाला सुटका, दोन्हीकडे सगळ्यांत कमी व्होल्टेजवर आणि एकाच फ्यूज वायरवर.

उत्पादकाकडून घ्यायची एक गोष्ट राहिली. त्याच्याकडे सुटकेच्या क्षणीचा लोड वॉशरचा आलेख मागा, बल विरुद्ध वेळ, तुमच्या प्रीलोडवर घेतलेला. उतार मिलिसेकंदांत आहे की मायक्रोसेकंदांत हे त्यात सरळ दिसतं. हा आलेख ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडून मी चारपैकी एकाही ठिकाणासाठी नग घेणार नाही.